विकलेली तिकिटं आणि भरलेल्या खुर्च्या

प्रश्न : माझा भाचा लंडनला असतो. २७ ऑगस्ट २०२३ ला वेम्बली स्टेडियममध्ये एईडब्ल्यू या अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीचा ‘ऑल इन’ हा कार्यक्रम झाला, तेव्हा तो तिथे होता. कंपनीने ८१,०३५ तिकिटं खपल्याचं सांगितलं. पुढे ७२,२६५ हा आकडा बाहेर आला. भाचा म्हणतो, मामा, स्टेडियम गच्च भरलं होतं. मग खोटं कोण बोललं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोणीच नाही. पहिला आकडा विकलेल्या तिकिटांचा, दुसरा दारातून आत गेलेल्या माणसांचा. दुसरा कंपनीने दिलेला नाही. वेम्बली ज्या ब्रेंट कौन्सिलच्या हद्दीत येतं, तिने माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना तो दिला.

कौन्सिलचा या मोजणीशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपल्यावर जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसं गेली. त्यानंतर १९७५ चा कायदा आला. तेव्हापासून मोठ्या स्टेडियमला स्थानिक प्रशासनाकडून सुरक्षेचा दाखला घ्यावा लागतो आणि आत माणसं किती, यावर लक्ष ठेवावं लागतं. तिकिटाचा बारकोड वाचला जातो, दारातला फिरता दांडा फिरतो, यंत्रातला आकडा एकने वाढतो. जाहिरातीसाठी न काढलेला असा आकडा मी फार मानतो.

राहिली ८,७७० तिकिटं. विक्री मे महिन्यात सुरू झाली आणि कार्यक्रम ऑगस्टच्या शेवटी. एवढ्या काळात कुणाची रजा नामंजूर होते, कुणी आजारी पडतं. शिवाय चढ्या भावाने विकायला घेतलेली काही तिकिटं दलालांच्या हातातच राहतात. तीही ‘विकली गेली’ यातच मोजली जातात. शंभरातली अकराएक माणसं आली नाहीत, तर रिकाम्या खुर्च्या इथे एक, तिथे दोन अशा विखुरतात. भाच्याला त्या दिसल्या नाहीत, यात नवल नाही.

आणि ७२,२६५ ला कमी लेखू नका. २०१७ मध्ये डेव्ह मेल्टझर या कुस्तीच्या पत्रकाराला कुणीतरी विचारलं, रिंग ऑफ ऑनर ही छोटी कुस्ती कंपनी दहा हजार तिकिटं विकू शकेल का? इतक्यात तरी नाही, असं त्याचं उत्तर. कोडी रोड्स या पैलवानाने ती पैज घेतली. १ सप्टेंबर २०१८ ला शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्समध्ये पहिला ‘ऑल इन’ झाला. तिकिटं अर्ध्या तासात संपली, उपस्थिती ११,२६३. त्याच नावाचा कार्यक्रम पाच वर्षांनी वेम्बलीत पोचला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

प्रश्न : कुस्तीच्या रेसलमेनिया ३ या कार्यक्रमाला खरंच ९३,१७३ लोक होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पाँटिअॅक सिल्व्हरडोम स्टेडियममध्ये हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, तेव्हा जाहीर झालेला आकडा हाच. मेल्टझर मात्र वर्षानुवर्षं ७८,००० च्या आसपास सांगत आला आहे आणि मला त्याचं म्हणणं पटतं. २०१६ च्या रेसलमेनियाला टेक्सासात १,०१,७६३ जाहीर केले. पुढे रेसलमेनिया भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विन्स मॅकमोहन यांनीच गुंतवणूकदारांना सांगितलं, की त्यात दारावरचे आणि जागा दाखवणारे कर्मचारीही धरले होते. याचा मला राग येतो. पदरचे पैसे मोडून आलेल्या प्रेक्षकाला पगारी माणसांबरोबर एकाच बेरजेत का टाकायचं?

प्रश्न : मग सगळ्यात मोठी गर्दी कुठे झाली?
– एक वाचक, पणजी

उत्तर : उत्तर कोरियात प्याँगयांगला, एप्रिल १९९५ मध्ये. दोन दिवसांच्या त्या कार्यक्रमात शेवटची लढत अँटोनियो इनोकी आणि रिक फ्लेअर या पैलवानांची झाली. त्या दिवसाची उपस्थिती १,९०,००० सांगितली जाते. पण लोकांना सरकारने आणून बसवलं होतं. तिकीटविक्रीच्या हिशेबात मी हा आकडा धरत नाही.