उत्तराधुनिक ख्रिस्तीपण : शंका, सत्य आणि टीकाकार

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

प्रश्न : मुलगा शिकायला अमेरिकेत आहे. तो जातो त्या मंडळीत पुलपिट नाही, खुर्च्या गोलाकार, संदेशानंतर चर्चा, आणि शंका उघड बोलायची मोकळीक. नातेवाईक म्हणतात, हे ‘पोस्टमॉडर्न’, म्हणजे उत्तराधुनिक, पाखंड आहे. काळजी करावी का? – एक आई, पुणे

उत्तर : खुर्च्या कशा मांडल्या यावरून मंडळीचा विश्वास कळत नाही, ताई. ही लाट अमेरिकेत ‘इमर्जिंग चर्च’ या नावाने ओळखली गेली. मेरीलँडमधले पाळक ब्रायन मॅक्लॅरेन यांचे २००१ मधले पुस्तक तिच्यात फार वाचले गेले. त्यात एक थकलेला पाळक आणि एक विज्ञानशिक्षक यांचा संवाद आहे. म्हणणे असे, की विश्वास भूमितीच्या प्रमेयासारखा सिद्ध करून दाखवायची सवय मंडळीला शास्त्रलेखाने लावलेली नाही, ती आधुनिक युगाकडून उसनी आली. यात तथ्य आहे. ईयोब देवाशी भांडतो, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते.

मुलाला तीन गोष्टी विचारा. येशूचे पुनरुत्थान तिथे घडलेली घटना म्हणून सांगतात, की आशेचे नुसते प्रतीक म्हणून? पापक्षमेबद्दल स्पष्ट बोलतात का? आणि शंका घेऊन आलेल्याला पवित्र शास्त्राकडे नेतात, की शंकेतच बसवून ठेवतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे पौलाने १ करिंथ १५ मध्ये स्वच्छ लिहून ठेवले आहे, आणि त्यावर तडजोड नाही. तिन्ही उत्तरे बरोबर आली, तर गोल खुर्च्यांवर त्याला निर्धास्त बसू द्या.

प्रश्न : ‘सत्य ज्याचे त्याचे, आंधळे आणि हत्ती यांच्या गोष्टीसारखे’ असे आमच्या तरुण संघात सर्रास ऐकू येते. काय सांगावे? – संघाचे चिटणीस, अहिल्यानगर

उत्तर : याचे नेमके उत्तर लेस्ली न्यूबिगिन यांनी दिले आहे. ते १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले, कांचीपुरमला राहिले, १९४७ मध्ये दक्षिण भारत मंडळीचे बिशप झाले. ते विचारतात, ही गोष्ट सांगतो कोण? एकाला शेपूट दोरखंड वाटते, दुसऱ्याला पाय खांब वाटतो, पण सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतो. म्हणजे जो नम्रतेने ‘कुणालाच पूर्ण सत्य दिसत नाही’ म्हणतो, तोच स्वतःला एकटा डोळस ठरवतो. दावा लहान वाटतो, असतो सर्वांत मोठा.

आता ‘उत्तराधुनिकता म्हणजे सत्य नाहीच’ हेही अर्धवट आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ मध्ये क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात उत्तराधुनिकतेची व्याख्या ‘महाकथनांवरचा’, म्हणजे सगळे जग एकाच सूत्रात समजावणाऱ्या मोठ्या कथांवरचा, ‘अविश्वास’ अशी केली. सार्वत्रिक बुद्धीच्या जोरावर स्वतःला खरे ठरवणाऱ्या कथनांवर त्यांचा मुख्य रोख होता, मार्क्सवादासह. शुभवर्तमान तसे उभे राहत नाही. ते साक्षीवर उभे आहे. तरीही ते साऱ्या जगाची कथा असल्याचा दावा करतेच, त्यामुळे पुराणमतवाद्यांची अस्वस्थता मला रास्त वाटते.

प्रश्न : इमर्जिंग चर्चच्या टीकाकारांचे म्हणणे थोडक्यात काय? त्यात किती दम आहे? – एक निवृत्त शिक्षक, मुंबई

उत्तर : सर्वांत वजनदार टीका नव्या कराराचे अभ्यासक डी. ए. कार्सन यांची, २००५ ची. त्यांच्या मते इमर्जिंगवाले खोटा पेच घालतात : एक तर सगळे निर्विवाद कळले पाहिजे, नाहीतर काहीच कळत नाही. माणसाला संपूर्ण कळत नाही, पण खरे कळू शकते. आलेखातली वक्ररेषा अक्षाच्या अधिकाधिक जवळ जाते, टेकत नाही, तसे. आरशात अंधुक दिसते, हे पौलानेही कबूल केले आहे. अंधुक दिसते म्हणजे समोर कोणी नाही असे नव्हे. या मुद्द्याला इमर्जिंगवाल्यांकडून समाधानकारक उत्तर मिळालेले मला दिसत नाही.

टीकाकार चुकतात ते घाईमुळे. २०११ मध्ये मिशिगनचे रॉब बेल यांचे नरकाविषयीचे पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच, जाहिरातीवरून त्यांना झोडपले गेले. पुस्तकात दोष आहेत, पण ते वाचूनच दाखवावे लागतात.

उलट बाजूही अन्याय करते. पवित्र शास्त्राची अचूकता मानणारे प्रत्येक आकडा काट्यावर तोलतात, असा समज आहे. त्यांच्याच १९७८ च्या शिकागो निवेदनातले १३ वे कलम म्हणते की ढोबळ संख्या, अतिशयोक्ती, निसर्गाचे डोळ्यांना दिसते तसे वर्णन यांनी अचूकतेला बाधा येत नाही. १ राजे ७:२३ मधला मंदिराचा ओतीव हौद १० हात रुंद, घेर ३० हात. हिशेबाने ३१.४ हवा. या कलमाखाली तो प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : कवी रेव्ह. नारायण वामन टिळक उत्तराधुनिकच म्हणायचे ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले, १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. पण ख्रिस्ताबद्दल त्यांच्या अभंगांत कुठेही ‘ज्याचे त्याचे’ नाही. वेष देशी करणे आणि सत्य सैल करणे या दोन वेगळ्या गोष्टी.

प्रश्न : शंकांवर अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. कसा घ्यावा? – मंडळीतील वडील, कोल्हापूर

उत्तर : सहा ते दहा माणसे, दीड तास. त्याहून जास्त जमली तर बोलके बोलतात, बाकीचे ऐकतात. योहान २०:२४-२९, पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा उतारा, घ्या. सहाच वचने आहेत. दोनदा मोठ्याने वाचा, शक्यतो दोन वेगवेगळ्या मराठी भाषांतरांतून. पहिला अर्धा तास फक्त ‘इथे काय लिहिले आहे’ एवढेच. ‘तुम्हाला काय वाटते’ याने सुरुवात केली की उतारा बाजूला राहतो आणि प्रत्येक जण घरून आणलेले मत मांडतो. दुसरी चूक वर्ग घेणाऱ्याची : पाचव्या मिनिटाला बरोबर उत्तर देऊन टाकणे. त्यानंतर शंका कोणी काढत नाही.

अर्ध्या तासानंतर दोन प्रश्न ठेवा. शंका घेऊनही थोमा आठ दिवसांनी शिष्यांतच कसा? म्हणजे त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. आणि येशूने त्याला काय दाखवले? जखमा. पुराणमतवादी सदस्य पहिल्या प्रश्नाशी अडखळतील, नव्या विचाराचे दुसऱ्याशी. दोघांनाही वेळ द्या. शेवटची दहा मिनिटे प्रार्थनेला. न सुटलेले प्रश्न तारीख घालून वहीत लिहा, आणि पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा.