डिक्शनरी, मॉड्यूल की क्लास? आधी उधारीची वही लिहून बघ

अरे, पायथन शिकताना या तिन्हींच्या व्याख्या पाठ करत बसू नकोस. तिघं चुलत भावंडंच आहेत: नाव दिलं की वस्तू मिळते. डिक्शनरीत चौकोनी कंसात 'की' (key, म्हणजे शोधायचं नाव) देतोस, मॉड्यूल आणि ऑब्जेक्टला (क्लासपासून बनवलेल्या वस्तूला) टिंब लावून नाव लिहितोस.

किराणा दुकानाची उधारी घे. नुसतं नाव आणि बाकी ठेवायची तर डिक्शनरी पुरे. नसलेलं गिऱ्हाईक विचारलंस तर कीएरर, म्हणजे 'ही की नाही' अशी चूक येईल. तिथे डिक्शनरीची 'गेट' मेथड वापर आणि दुसरा आर्ग्युमेंट (कंसात दिलेली दुसरी किंमत) म्हणून ० दे, म्हणजे नाव नसेल तर ० मिळेल.

पुढे जमा, नावे, पावती अशी फंक्शन्स (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) वाढली की सगळं एका फाइलीत टाक. झालं मॉड्यूल.

इथेच मी आपटलो होतो. दुसऱ्या दुकानासाठी तेच मॉड्यूल वेगळ्या नावाने पुन्हा इम्पोर्ट केलं (प्रोग्रॅममध्ये आणलं), आणि दोन्ही दुकानांची उधारी एकाच वहीत! पायथन मॉड्यूल पहिल्या इम्पोर्टलाच चालवतो, नंतर तीच प्रत हातात देतो. हे कळेपर्यंत अख्खी रात्र गेली (आणि दोन वेळचा चहा).

दोन वह्या हव्यात तर क्लास, म्हणजे वस्तू बनवायचा साचा. 'वही' क्लासला दोनदा हाक मार (नावापुढे कंस लावून), दोन स्वतंत्र वह्या मिळतील. फक्त रिकामी डिक्शनरी इनिट मेथडच्या (नवी वही बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत 'सेल्फ'वर, म्हणजे त्या एकाच वहीवर बनव. थेट क्लासच्या अंगात लिहिलीस तर ती सगळ्या वह्यांत सामायिक होते, म्हणजे पुन्हा माझीच रात्र. सध्या दुकान एकच असेल, तर क्लासच्या वाटेला जाऊच नकोस.