पहिल्यांदाच वाचताय ना? मग एवढं करा

इंग्लंडमधल्या १८६० च्या रोड हिल हाउस खुनाचं पुस्तक तुमच्या हातात आलंय, तर एक विनंती: खुनी कोण हे नेटवर अजिबात शोधू नका. माझ्या हाती आलेल्या प्रतीत आधीच्या वाचकाने ते नावच पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. अजून हळहळ वाटते. प्रत पुढे देताना समासात काही लिहू नका.

सुरुवातीलाच घराचा आराखडा कागदावर काढा. खून झालेला चिमुकला सॅव्हिल दाईच्या खोलीतून कसा नेला, दिवाणखान्याची खिडकी उघडी का होती, हे आराखड्याशिवाय कळत नाही. नावांचा गोंधळ दोन प्रकरणांत आपोआप सुटतो.

मग धोब्याच्या वहीपाशी, म्हणजे धुवायला दिलेल्या कपड्यांच्या नोंदीपाशी, थांबा. स्कॉटलंड यार्डचा, म्हणजे लंडन पोलिसांचा, गुप्तहेर व्हिचर त्या घरी पोचला तो खुनानंतर दोन आठवड्यांनी. बोटांच्या ठशांचं तंत्र नव्हतं, रक्ताची खात्रीलायक तपासणी नव्हती. त्याने कपड्यांची मोजदाद केली आणि एक झोपेचा झगा कमी भरला! तो भाग मी दोनदा वाचला. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची शाखा निघून तेव्हा जेमतेम १८ वर्षं झाली होती. सभ्य घरातल्या बायकांचे कपडे कुणी पोलिसाने तपासावेत, याचा लोकांना केवढा संताप आला, तेही नीट वाचा. व्हिचरवर झालेली टीका वाचून फार वाईट वाटेल, पण मध्येच सोडू नका. १८६५ सालापर्यंत वाचाच.