झोन आला, पण कशामुळे?

राजारामपुरी, कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्लेटचा फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. स्टॅफिलोकोकस जंतूंच्या दुधाळ थरात तुझ्या डिस्कभोवती, म्हणजे सारगॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाच्या अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती, 18 मिलिमीटरचा स्वच्छ झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, आणि खाली तुझं वाक्य, 'सर, सारगॅसममध्ये अँटिबायोटिक आहे!!!' त्या तीन उद्गारचिन्हांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आता माझी फजिती ऐक. नोकरीच्या सुरुवातीला मलाही असाच झोन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. आठवड्याभरानं एका सहकाऱ्यानं नुसत्या मिथेनॉलची, म्हणजे अर्क ज्यात काढला त्या सॉल्व्हंटची, डिस्क ठेवली, तर तिलाही तेवढाच झोन! मी डिस्का नीट वाळवल्याच नव्हत्या. मिसळीचे पैसे गेले ते गेलेच. तुझ्या फोटोत नुसत्या सॉल्व्हंटची डिस्क मला कुठं दिसली नाही, म्हणून हे आठवलं. शिवाय अर्कात समुद्राचं मीठ किती उरलंय, अर्क आंबट झालाय का, हेही बघ. मीठ आणि आंबटपणा दोन्ही जंतूंना रोखतात. लोणचं टिकतं ते उगाच नाही.

दुसरी शंका जरा खोलातली आहे. कुणकेश्वरला गोळा केलेलं शेवाळ तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीनं करूळ घाट चढून आणलंस. उन्हात, चार-पाच तास. शेवाळाच्या अंगावर त्याचे स्वतःचे जिवाणू राहतात आणि त्यातले काही स्वतःच प्रतिजैविकं बनवतात. पिशवीत ते माजले असतील, तर झोन शेवाळाचा की त्याच्या बिऱ्हाडकरूंचा? पुढच्या खेपेला मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणि बर्फ घे. तिथंच समुद्राच्या पाण्यात वाळू, शंख-शिंपले झटकून काढ. नळाच्या पाण्यात बुचकळू नकोस, पेशी फुटतात. थोडं सावलीत वाळव, थोडं गोठवून ठेव. लाल शेवाळांतली काही ब्रोमीनयुक्त द्रव्यं उडून जाणारी असतात, ती वाळवताना हाती लागत नाहीत. आणि प्रत्येक ठिकाणचा एक नमुना कागदावर दाबून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, दे. नुसतं 'सारगॅसम' लिहून चालत नाही. द्राक्षासारखे फुगे असलेल्या त्याच्या कितीतरी जाती आहेत.

ब्रोमीनवरून आठवलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. लाल शेवाळं ते उचलून आपल्या रेणूंत बसवतात. जमिनीवरच्या वनस्पतींत असे रेणू क्वचितच दिसतात. लॉरेन्सिया हे याचं ठळक उदाहरण. पण माझं सगळ्यात आवडतं आहे ऑस्ट्रेलियाचं डेलिसिया पल्क्रा. शेजारच्या शेवाळांवर जिवाणूंचा आणि इतर जीवांचा थर चढतो, हे मात्र बरंचसं स्वच्छ. त्यात फ्युरॅनोन नावाचे ब्रोमीन असलेले रेणू असतात. ते काय काम करतात, हे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवलं. गंमत अशी की हे फ्युरॅनोन जिवाणूंना न मारताही काम करतात. जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप देतात, संख्या पुरेशी झाली की मगच थर चढवतात. फ्युरॅनोन त्या निरोपासारखा दिसून निरोप घेणाऱ्या जागेवर बसतो आणि बोलणीच मोडतात. म्हणजे ज्या प्लेटवर झोन शून्य आला, ती फेकताना जरा थांब. शेवाळाला जंतू मारायचा नसतो, त्याला आपलं अंग साफ ठेवायचं असतं. एवढं असूनही फ्युरॅनोनचं माणसासाठी औषध झालं नाही, कारण ते आपल्याच पेशींना त्रासदायक ठरतात.

यावरूनच तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, 'नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षित'. हे खोडून टाक. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विषही शंभर टक्के नैसर्गिक आहे. तपकिरी शेवाळातले फ्लोरोटॅनिन नावाचे रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे चाचणीत खोटी आशा लावतात. कित्येकदा शेवटी हाती लागतात ती साधी मेदाम्लं. ती स्टॅफिलोकोकसला रोखतात आणि तांबड्या रक्तपेशीही फोडतात. रक्तपेशींवरची चाचणी आधीच करून घे. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूवर झोन आला नाही म्हणून हिरमुसू नकोस, त्याला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं.

आणि 18 मिलिमीटरचा आकडा सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या आकड्याशेजारी मांडू नकोस. तेलकट रेणू प्लेटमधल्या अगारच्या जेलीत नीट पसरत नाहीत, छोटे पसरतात. झोन त्यावरही ठरतो. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क पातळ करत जा आणि किती कमी मात्रेला वाढ थांबते ते काढ. तुझा अर्क हिरवा-तपकिरी असल्यानं गढूळपणा कळणार नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग वापर. जिवाणू जिवंत असतील तिथं निळ्याचं गुलाबी होतं.

जाता जाता एक मजा. ज्या अगारवर तू जंतू वाढवलेस, तो लाल शेवाळाचाच. 1881 साली रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातला अगार सुचवला. आपल्याकडे तोच चायना ग्रास. तो 37 अंशाला वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना पचतही नाही, म्हणून प्लेट घट्ट राहते. म्हणजे तुझ्या प्लेटमध्ये एक शेवाळ जंतूंना आसरा देत होतं आणि दुसरं हाकलत होतं. निदान तसा तुझा दावा आहे!

पुढच्या अमावस्येच्या आसपास ओहोटी लांबवर जाईल, तेव्हा जा. मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नकोस. तोवर याच अर्काच्या तीन प्लेटा पुन्हा लाव, यावेळी नुसत्या सॉल्व्हंटच्या डिस्कसकट. रविवारी दहानंतर घरी असतो, प्लेटा घेऊनच ये. फोटो नको.

तुझा,
सर