‘कसं वाटतंय?’ला उत्तर येत नाही तेव्हा

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. शाळेत रुळला होता. अकरावीला कॉलेज बदललं आणि दिवाळीपासून घरी आला की खोलीचं दार लावून घेतो. अंघोळ टाळतो, जेवण अर्धं टाकतो. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘माहीत नाही’ एवढंच. केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) बसमार्गांची वही म्हणजे त्याचा जीव की प्राण. तीही दोन महिने उघडलेली नाही. घरचे म्हणतात, लाडानं बिघडलाय. हे ऑटिझममुळेच का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी खूण ती वही आहे. एकटं राहणं, कमी बोलणं हा त्याचा पिंड असेल. पण त्याची तुलना इतर मुलांशी नको, त्याच्याच गेल्या वर्षाशी करा. आवडीची गोष्ट सुटली, झोप-भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. हे लाड नव्हेत.

‘माहीत नाही’ हे त्याचं खरं उत्तर आहे. भावना असते, पण तिला नाव देणं बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना जमत नाही. म्हणून प्रश्न बदला. ‘काल झोप किती वाजता लागली?’, ‘पोटात गोळा येतो का, कधी?’, ‘आजचा त्रास ० ते ५ मध्ये किती?’ समोर बसून नको, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तरासाठी तासभर थांबा.

कॉलेजात दिवसभर चारचौघांसारखं वागून तो थकून येतो. घरी आल्यावर पहिला तास एकही प्रश्न नको, टीव्ही बंद. अंघोळीत नक्की काय सलतं ते शोधा : डोक्यावर पडणारं पाणी, गारठा की साबणाचा वास? केस वेगळ्या दिवशी धुवा. तोवर ओल्या पंचानं अंग पुसलं तरी पुरे.

एक प्रश्न मात्र सरळ विचारा : ‘मरून जावं असा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. आडवळणानं विचारलंत तर त्याला कळणारच नाही. ‘हो’ म्हणाला, अगदी सपाट आवाजात म्हणाला, तरी खरं माना. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

एरवीही या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही सोय आहे. ओपीडीच्या गर्दीत त्याला बसवू नका. घरातल्या एकानं नंबर धरावा, मुलानं बाहेर थांबावं. आधी काय करायचा, आता काय करत नाही, कधीपासून, हे एका कागदावर लिहून न्या. नाहीतर पाच मिनिटांत ‘ऑटिझम आहे ना, असंच असतं’ म्हणून विषय संपतो. गोळी सुरू झाली तर कमी डोसपासून सुरुवात करता येईल का विचारा. बेचैनी वाढली तर लगेच कळवा, मनानं बंद करू नका.

वही उघडायचा आग्रह धरू नका. दिसेल अशी टेबलावर असू द्या.