नवरा सही देत नाही, बाळाचं कॉक्लिअर इम्प्लांट अडलंय

ताई, तुमचा मेसेज वाचला. मुलगा पावणेदोन वर्षांचा, बेरा टेस्टमध्ये (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघणारी तपासणी) दोन्ही कानांना प्रोफाउंड लॉस, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हिअरिंग एड लावूनही फरक नाही, तुम्ही माहेरी, घटस्फोटाची केस चालू, कॉक्लिअर इम्प्लांटच्या ऑपरेशनसाठी (कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं मशीन) हॉस्पिटल दोघांची सही मागतंय आणि मिस्टर म्हणतात आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात, ऑपरेशन केलंत तर केस ठोकेन. तर नवरा परदेशात आहे सांगून एकटीनेच सही करू का?

अजिबात नको. खोटं पकडलं गेलं की कस्टडीच्या भांडणात ते तुमच्यावरच उलटणार.

दोघांची सही हवीच असा कायदा नाहीये, हॉस्पिटल आपली बाजू सांभाळतंय, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम 6 मध्ये आधी बाप मग आई असंय, पण 5 वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे हेही तिथेच आहे. 1999 च्या गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाप हयात असून मुलाकडे लक्षच देत नसेल तर आई पालक. पण फक्त याच्यावर विसंबू नका, तुमचा नवरा गायब नाहीये, समोर उभा राहून नाही म्हणतोय.

म्हणून चालू केसमध्येच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अंतरिम अर्ज (निकाल लागायच्या आधीच आदेश मागणारा) टाका, तुमच्या एकटीच्या सहीवर ऑपरेशन होऊ द्यावं आणि खर्चात त्याने वाटा उचलावा असा. सोबत सर्जनचं पत्र हवंच, आणि त्यात घाई का ते स्पष्ट हवं, म्हणजे मेंदूला आवाज पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळाला तर बोलणं येण्याची शक्यता जास्त, उशीर झाला की तेच मशीन कमी कामाचं. हे पत्र नसेल तर कोर्ट शांतपणे पुढची तारीख देईल. आणि अर्जात नुसतं ऑपरेशन नको, स्विच-ऑन (मशीन पहिल्यांदा सुरू करणं), मॅपिंग (मशीनचं सेटिंग मुलाला जुळवणं), स्पीच थेरपी सगळं लिहा, नाहीतर पुढची काही वर्षं दर वेळी सहीवरून हाच तमाशा.

अर्जाआधी त्याला रिपोर्ट जोडून ईमेल करा, तुझ्या पसंतीच्या ईएनटी डॉक्टरकडून सेकंड ओपिनियन घे, आठ दिवसांत कळव. त्याला खरंच ऑपरेशनची भीती वाटत असेल तर तिथेच मिटेल. नाहीच मिटलं तर त्याचं उत्तर, किंवा उत्तर न देणं, अर्जाला जोडा.