कोंबड्या रात्री घुरघुरतायत, काय द्यावं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्याकडं वीसेक कोंबड्या हायत, काही गावरान काही गिरिराज. थंडी पडल्यापासून दोन-तीन शिंकायला लागल्या, आता रात्री खुराड्यातून घुरघुर ऐकू येते. एका तलंगीच्या डोळ्यात फेस येतोय. मेली अजून एकबी नाही पण अंडी कमी झालीत. मेडिकलवाला म्हणतो माणसाची सर्दीची गोळी पाण्यात टाका. टाकू का?
एक ताई, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, ती गोळी नका टाकू. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "मेली अजून एकबी नाही". घुरघुर, शिंका, नाकाला पाणी हे पाच-सहा रोगांत सारखंच दिसतं, नुसत्या आवाजावरून मीसुद्धा रोग सांगू शकत नाही. पण किती कोंबड्यांना झालं, किती दिवसांत पसरलं, मर आहे का, शिट कशी पडतीय, तोंड सुजलंय का, एवढं कळलं की बराच उलगडा होतो.

तुमचं वर्णन सीआरडीकडं बोट दाखवतंय. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा हा जुनाट श्वासाचा रोग, हळूहळू पसरतो, मोठी कोंबडी सहसा मरत नाही पण वाळत जाते आणि अंड्याला खाडा पडतो. हा जंतू अंगात गप्प बसून असतो आणि थंडी, गर्दी, बाजारातून आणलेल्या पक्ष्याची भर असं काही झालं की उठतो. यावर डॉक्टर बहुतेक टायलोसिन नाहीतर डॉक्सीसायक्लिन देतात, पाण्यातून, ३ ते ५ दिवस. किती टाकायचं ते पक्ष्यांच्या वजनावर आणि त्या पुडीतल्या औषधाच्या ताकदीवर ठरतं म्हणून दवाखान्यातून लिहून घ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा, औषधाचं पाणी चालू असताना दुसरं पाणी कुठंच ठेवायचं नाही, नळाखालचं डबकं, जनावरांचा हौद, धुणं-भांड्याचं सांडपाणी, कोंबडी तिथंच पिऊन येते आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. पाणी रोज नवीन करा, आणि दुसऱ्या दिवशी घुरघुर थांबली म्हणून औषध बंद करू नका.

औषधानं कोंबडी बरी दिसते पण जंतू अंगातून पुरता जात नाही आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून या कोंबड्यांची अंडी खुडुकीखाली बसवू नका. औषध चालू असताना आणि संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

आता खुराड्याचं बोलू, कारण मला वाटतं निम्मं दुखणं तिथंच आहे. परभणीकडची थंडी बोचरी, म्हणून लोक चारी बाजूनं खताच्या गोण्या बांधून टाकतात, आत शिट आणि ओल साचते आणि त्यातून अमोनिया सुटतो. हा वायू श्वासनळीचं आतलं अस्तर खराब करतो, मग कुठलाही जंतू सहज शिरतो. सकाळी खुराडं उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीला खाली बसून श्वास घ्या, तुमच्या डोळ्याला झोंबलं तर त्यांनी रात्रभर ते ओढलंय. गोणी खालच्या बाजूला बांधा, जिथं त्या बसतात तिथं वारा लागू नये, पण छपराखाली वीतभर जागा मोकळी सोडा. खाली सोयाबीनचं कुटार टाकत असाल तर कोरडंच टाका, काळं पडलेलं, बुरशीचं अजिबात नको, ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात बसली की औषध जवळपास काहीच काम करत नाही. गोचीड-पिसवांसाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करता ना, ती कोंबड्या बाहेर असतानाच करा आणि धूर पूर्ण निघाल्यावर त्यांना आत घ्या.

आजारी तेवढ्या वेगळ्या डालग्याखाली ठेवा, कोमट पाणी द्या, डोळा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसा. शेवग्याचा पाला, मेथी बारीक चिरून द्या, अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी नाका-डोळ्याचे त्रास वाढतात. हळद-लसूण खाण्यातून दिली तर हरकत नाही पण त्याला औषध समजून दिवस घालवू नका. आणि चोच उघडून तेल ओतणं तर बंदच करा, ते श्वासनळीत जातं आणि बरी होणारी कोंबडी हातातच जाते.

प्रश्न : चार दिवसांत निम्म्या कोंबड्या मेल्या. तोंड उघडून श्वास घेत होत्या, हिरवी पातळ शिट, दोघींची मान पिळल्यासारखी वाकडी झाली. कोणतं इंजेक्शन द्यावं?
अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : दादा, लक्षणं मानमोडीची म्हणजे राणीखेतची दिसतायत. हा विषाणू आहे, एकदा रोग आल्यावर त्यावर औषध नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं कारण लस स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात विचारली की मिळते. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, महिन्याच्या आसपास परत एकदा, आणि ८ ते १० आठवड्यांचं झालं की आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. कुपी बहुतेक १०० पक्ष्यांची असते, दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार म्हणून ती राहून जाते, तर गल्लीतल्या चार-पाच घरांनी एक सकाळ ठरवा. लस बर्फातून आणायची, उन्हात ठेवायची नाही, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. आजारी कोंबडीला लस टोचू नका. आणि आधी दवाखान्यात कळवून नमुना तपासून घ्या, कारण अशी झपाट्यानं लागलेली मर बर्ड फ्लूचीही असू शकते.

प्रश्न : कोंबडीचं एका बाजूचं तोंड सुजलंय, नाकातून घाण वास येतो.
औसा, जि. लातूर

उत्तर : हा बहुतेक कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची लागट सर्दी. दोन-तीन दिवसांत शेजारणीला लागतो पण जंतूचा असल्यानं डॉक्टरांच्या औषधानं आवरतो. चोच उघडून आत पण बघा, पिवळट साली चिकटलेल्या दिसल्या तर तो देवीचा रोग असू शकतो, त्या ओरबाडू नका, रक्त येतं.

प्रश्न : मेलेल्या कोंबड्या कापून खाल्ल्या तर चालतात का? बर्ड फ्लूचं कसं ओळखायचं?
जिंतूर, जि. परभणी

उत्तर : नाही काका, आपोआप मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी खायची नाही, आणि आठवडी बाजारात तर मुळीच न्यायची नाही, रोग तिथूनच दहा गावांत जातो. बर्ड फ्लू घरी बघून ओळखता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेतून नक्की झालं, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले तेव्हाही तसंच. म्हणून एकाएकी मर लागली, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे-जांभळे पडले, आसपास कावळे मेलेले दिसले तर उघड्या हातानं शिवू नका, पोरांना लांब ठेवा, मेलेला पक्षी कापून बघू नका आणि १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा नाहीतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुना ते घेतात. ते येईपर्यंत मेलेल्या पक्ष्यांवर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवा, कुत्री-कावळे ओढून नेतात. नमुना गेल्यावर ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात टाकू नका.